फर्डिनांडचा दोष विजेच्या मोटरींत नव्हता

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात ‘फर्डिनांड’ या टँक डिस्ट्रॉयरवर, म्हणजे शत्रूचे रणगाडे टिपण्यासाठी केलेल्या तोफगाडीवर, एक आरोप हमखास आढळतो. मोटार अभियंता पोर्शने हौसेपोटी तिच्यात इलेक्ट्रिक ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद विजेच्या मोटरींमार्फत पोचवणारी यंत्रणा) बसवले, ते सतत बिघडत राहिले आणि म्हणून जुलै १९४३ मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत ही गाडी वाया गेली, असे सांगितले जाते. माझी बहुतेक नोकरी कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये ट्रॅक्शन मोटरींच्या, म्हणजे इंजिनाची चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींच्या, देखभालीत गेली, त्यामुळे हा आरोप मला कधीच सहजासहजी पटला नाही. ज्या तत्त्वावर आपल्या रेल्वेची हजारो डिझेल इंजिने वर्षानुवर्षे मालगाड्या ओढत आली, ते तत्त्वच मुळात चुकीचे होते असे म्हणण्याआधी गाडीचा सगळा इतिहास नीट पाहायला हवा, असे वाटल्याने मी या विषयाच्या मागे लागलो. निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरी त्यासाठी सवडही मिळाली. हाती आलेली माहिती माझ्या शेडमधल्या अनुभवाशी ताडून पाहिल्यावर जे मत बनले, ते येथे मांडतो आहे.

आधी जन्मकथा. जर्मन सैन्याला १९४१ मध्ये नवा जड रणगाडा हवा होता आणि त्यासाठी हेन्शेल ही कंपनी व पोर्श या दोघांनी आपापले आराखडे तयार केले. २० एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्ग येथे दोन्ही नमुने त्याच्यासमोर चालवून दाखवण्यात आले. पोर्शवर हिटलरची मर्जी इतकी होती की चाचण्यांचा निकाल लागण्याआधीच सुमारे शंभर गाड्यांचे चिलखती सांगाडे क्रुप कारखान्यात बनू लागले होते. प्रत्यक्षात पोर्शची हवेने थंड होणारी इंजिने चाचण्यांत टिकली नाहीत, हेन्शेलचा आराखडा मंजूर झाला आणि तोच पुढे ‘टायगर’ म्हणून जगाला माहीत झाला. ऑस्ट्रियात सांक्ट व्हालेंटिन येथील निबेलुंगेनवेर्क कारखान्यात पोर्शचे सांगाडे मात्र पडून राहिले. युद्धकाळात इतके चिलखती पोलाद मोडीत काढणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून सप्टेंबर १९४२ मध्ये निर्णय झाला की या सांगाड्यांवर ८८ मिलिमीटरची नवी लांब नळीची तोफ बसवायची आणि पुढचे चिलखत २०० मिलिमीटर करायचे. बर्लिनच्या आल्केट कंपनीने पोर्शच्या साहाय्याने आराखडा केला आणि १९४३ च्या वसंतात निबेलुंगेनवेर्कमध्ये सुमारे ९० गाड्या जोडून झाल्या. फर्डिनांड पोर्शच्याच नावावरून गाडीला नाव मिळाले.

सैन्याला अमुक काम करणारी गाडी हवी आहे, म्हणून तिचा असा आराखडा केला, या क्रमाने ही गाडी घडलेली नाही. सांगाडे आधी होते आणि त्यांच्यासाठी काम नंतर शोधले गेले. फर्डिनांडच्या पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला या उलट्या क्रमात दिसते.

आता त्या ट्रान्समिशनविषयी. पोर्शची मूळ इंजिने काढून त्यांच्या जागी पाण्याने थंड होणारी मायबाख एचएल १२० ही दोन पेट्रोल इंजिने बसवली गेली. पँझर ३ आणि पँझर ४ या रणगाड्यांत हीच इंजिने असल्याने त्यांचे सुटे भाग सैन्याकडे होते आणि मेकॅनिकांचा हात त्यांवर बसलेला होता. प्रत्येक इंजिन एक जनरेटर फिरवी आणि त्या विजेवर गाडीच्या मागच्या भागातल्या दोन मोटरी चालत. एक डाव्या बाजूच्या पोलादी साखळीपट्ट्यासाठी, दुसरी उजव्या पट्ट्यासाठी. जनरेटर आणि मोटरी सीमेन्स-शुकर्टच्या होत्या. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, वळण्यासाठी गुंतागुंतीचे स्टिअरिंग गिअर नाही. एका बाजूच्या मोटरीला वीज कमी आणि दुसऱ्या बाजूच्या मोटरीला जास्त दिली की गाडी वळे. त्या काळातल्या जड रणगाड्यांचे गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (पट्टा फिरवणाऱ्या चाकालगतचे शेवटचे गिअर) किती लवकर मोडत, हे ज्यांनी जर्मनांच्याच पँथर रणगाड्याविषयी वाचले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पोर्शने ही कल्पना ऐनवेळी काढलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लोनर कंपनीसाठी विजेच्या मोटरींवर चालणाऱ्या मोटारगाड्या बनवल्या होत्या आणि पहिल्या महायुद्धात जड तोफा ओढणाऱ्या गाड्याही याच तत्त्वावर तयार केल्या होत्या.

आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ किंवा डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनांची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. डिझेल इंजिन जनरेटर किंवा अल्टरनेटर फिरवते, त्याची वीज आसांवरच्या सहा ट्रॅक्शन मोटरींना जाते आणि चालक आठ नॉचांच्या (टप्प्यांच्या) हँडलने सगळा कारभार सांभाळतो. या पद्धतीची खरी दुखरी जागा कोणती, हे शेडमध्ये काम करणाऱ्याला पहिल्या वर्षातच कळते. मोटर वेगात फिरत असेल तर ती सुखात असते. वेग अगदी कमी आणि ओढ पूर्ण, अशा अवस्थेत ती प्रचंड करंट ओढते आणि तापते. म्हणूनच प्रत्येक मोटरीला शॉर्ट टाइम रेटिंग ठरवून दिलेले असते, म्हणजे इतका करंट इतकीच मिनिटे, त्यापुढे नाही. चढावर जड गाडी घेऊन रखडत आलेल्या इंजिनाच्या मोटरीचे झाकण उघडले, की ती काय सोसून आली आहे ते डोळ्यांना दिसते. सुस्थितीतल्या कम्युटेटरवर (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या नळकांड्यावर) एकसारखी चॉकलेटी झाक असते. सोसून आलेल्यावर काळे चट्टे पडलेले असतात, कार्बन ब्रशांच्या कडा झिजून त्यांची पूड आत पसरलेली असते आणि जळक्या वॉर्निशचा वास हात धुतल्यावरही बोटांना येत राहतो.

हे ध्यानात ठेवून फर्डिनांडचे आकडे पाहावेत. गाडीचे वजन सुमारे ६५ टन आणि दोन्ही इंजिनांची मिळून ताकद कागदावर ६०० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे जेमतेम नऊ. समोरच्या सोव्हिएत टी-३४ ला सुमारे ३१ टनांसाठी ५०० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे सोळा. रेल्वेचे इंजिन याहून कमी प्रमाणावर खुशाल धावते, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकाला अडवणारे बळ अत्यल्प असते. मऊ जमिनीत रुतत चालणाऱ्या ६५ टनी गाडीला मात्र सदैव चढावर असल्यासारखेच चालावे लागते. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वेग सांगितला जाई; शेतातून जाताना तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येई. असे असूनही कुर्स्कनंतर काही दिवसांतच आघाडीवरच्या एका नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्याने वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात इलेक्ट्रिक ट्रान्समिशनची स्पष्ट वाखाणणी आहे. चालकांना त्याचे आश्चर्य वाटले, त्यातले बिघाड थोडेच होते. मात्र वजनाच्या मानाने इंजिने कमी ताकदीची आणि पट्टे काहीसे अरुंद आहेत, असे त्याचे निरीक्षण होते. ज्याचे प्राण त्या यंत्रावर अवलंबून होते त्याचे हे मत मी मागाहून लिहिल्या गेलेल्या टीकेपेक्षा जास्त मोलाचे मानतो.

पोर्शच्या पद्धतीवर घ्यावा असा रास्त आक्षेप वेगळा आहे आणि तो तांब्याचा आहे. दोन जनरेटर आणि दोन मोठ्या मोटरी म्हणजे तांब्याचा ढीग, आणि जर्मनीला युद्धकाळात तांब्याची कायम चणचण होती. अशा गाड्या शेकड्यांनी बनवणे त्या देशाला शक्यच नव्हते. शिवाय हे सगळे यंत्र जड असते आणि ते वजन पुन्हा त्याच दुबळ्या इंजिनांच्या माथी येते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो.

तोफेविषयी मात्र दुमत नव्हते. पाक ४३/२ ही ८८ मिलिमीटरची तोफ, तिची नळी सहा मीटरांहून लांब, गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे १,००० मीटर. एक किलोमीटरवरून ती ३० अंशांत कललेले सुमारे १६५ मिलिमीटर चिलखत भेदू शके, आणि १९४३ मध्ये समोर येणाऱ्या कोणत्याही सोव्हिएत रणगाड्याला इतके चिलखत नव्हते. उलट, टी-३४ च्या ७६ मिलिमीटर तोफेला फर्डिनांडचे पुढचे चिलखत कोणत्याही अंतरावरून भेदता येत नसे. तोफ फिरत्या टरेटमध्ये नसून मागच्या बाजूच्या पेटीसारख्या कक्षात होती, त्यामुळे डावी-उजवीकडे ती थोड्याच अंशांत फिरे. त्यापलीकडचे लक्ष्य गाठायचे तर अख्खी गाडी वळवावी लागे.

गाडीत सहा माणसे असत. इंजिने मध्यभागी आल्याने चालक आणि रेडिओवाला पुढे एकटे पडत, तर कमांडर, तोफ चालवणारा आणि गोळे भरणारे दोघे मागच्या कक्षात असत. दोन्ही गटांमध्ये पोलादी भिंती आणि तापलेली दोन इंजिने, संपर्क फक्त इंटरकॉमवरून. स्वसंरक्षणासाठी बाहेर रोखलेली एकही मशीनगन नव्हती. जवळ आलेल्या पायदळाला आवरण्यासाठी काही गाड्यांतून सुटी मशीनगन आत ठेवली जाई, आणि वेळप्रसंगी ती तोफेच्या नळीतून झाडल्याच्याही हकिकती आहेत. जर्मन चिलखती दलाचे तेव्हाचे महानिरीक्षक गुडेरियान यांनी युद्धानंतर याच उणिवेवर बोट ठेवले. मला ती उणीव खरी वाटते, पण ती एकट्या आराखड्याची नव्हती. दूरवर थांबून रणगाडे टिपण्यासाठी ज्या गाडीची तोफ उत्तम होती, तिला तटबंदी फोडणाऱ्या हल्ल्याच्या अग्रभागी पाठवण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता.

५ जुलै १९४३ रोजी ‘सिटाडेल’ मोहीम, म्हणजे कुर्स्कवरचा जर्मन हल्ला, सुरू झाली तेव्हा ८९ फर्डिनांड गाड्या ६५३ आणि ६५४ या दोन जड रणगाडाविरोधी बटालियनांत विभागलेल्या होत्या आणि या दोन्ही बटालियन ६५६ व्या रेजिमेंटखाली, जनरल मोडेल यांच्या नवव्या सैन्यात, कुर्स्कच्या उत्तरेकडच्या बाजूला उभ्या होत्या. समोर सोव्हिएत सेनापती रोकोसोव्स्की यांची सेंट्रल फ्रंट (अनेक सैन्यांचा समूह) होती आणि तिने महिनोन्महिने खपून भूसुरुंग, खंदक आणि रणगाडाविरोधी तोफांच्या रांगा रचल्या होत्या. भूसुरुंगांतून वाट काढण्यासाठी जर्मनांनी बोर्गवर्ड बी-४ या दूरनियंत्रित गाड्या आणल्या होत्या. पुढे जाऊन साडेचारशे किलो स्फोटके टाकायची आणि स्फोटाने वाट मोकळी करायची, अशी ती योजना. परंतु सोव्हिएत तोफांच्या माऱ्यात साफ केलेल्या वाटांच्या खुणाच पुसल्या गेल्या आणि मागून येणाऱ्या फर्डिनांड गाड्या भूसुरुंगांवर चढल्या. ६५३ व्या बटालियनने ‘रणगाडा टेकडी’ असे नाव मिळालेली, नकाशावर २५७.७ या उंचीच्या आकड्याने ओळखली जाणारी टेकडी गाठण्यात भाग घेतला खरा, पण त्या संध्याकाळपर्यंत तिच्या ४५ पैकी जेमतेम डझनभर गाड्या लढण्याच्या स्थितीत उरल्या होत्या.

यानंतरची मुख्य झुंज झाली ती पोनिरी स्टेशनाभोवती. ओरेल-कुर्स्क लोहमार्गावरचे हे एक साधे स्टेशन. ते ताब्यात आले तर दक्षिणेकडे जाणारा मार्ग मोकळा होणार होता, म्हणून दोन्ही बाजूंनी तेथे माणसे आणि यंत्रे ओतली. सोव्हिएत सॅपरांच्या (भूसुरुंग पेरणाऱ्या सैनिकांच्या) फिरत्या तुकड्या लढाई चालू असताना, जर्मन रणगाडे ज्या दिशेने येताना दिसत त्याच वाटेवर ताजे भूसुरुंग पेरत होत्या. या डावाला २०० मिलिमीटर चिलखताकडे काहीच उत्तर नव्हते.

भूसुरुंगाने फर्डिनांड मरत नसे, ती लंगडी होई. तिची चाके जोड्याजोड्यांनी बाहेरून बसवलेल्या बोगींवर (दोन चाकांच्या सुट्या चौकटींवर) होती. प्रत्येक बाजूला तीन बोगी, सहा चाके. टायगरच्या एकात एक गुंतलेल्या चाकांपेक्षा ही रचना दुरुस्तीला सोपी होती, कारण मोडलेली बोगी काढून नवी लावणे वर्कशॉपच्या माणसांना जमण्यासारखे होते. मात्र त्यासाठी गाडी वर्कशॉपपर्यंत यायला हवी. ६५ टनांची गाडी शत्रूच्या माऱ्याखालून ओढून आणायला १८ टनी हाफट्रॅक (पुढे चाके आणि मागे पट्टे असलेली ओढवाहने) एकामागे एक असे चार-पाच जुंपावे लागत, आणि उघड्यावर उभ्या राहिलेल्या त्या वाहनांवर तोफांचा मारा होई. पोर्शच्याच सांगाड्यावर बनवलेली ओढगाडी सैन्याला मिळाली ती कुर्स्क आटोपल्यावर, आणि तीही तीनच. शेडमध्ये आम्ही इंजिन फेल झाले की ब्रेकडाऊन गाडी कुठे आहे हे आधी विचारतो. फर्डिनांड रणांगणावर पाठवताना हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. ज्या गाड्या दुरुस्त होऊ शकल्या असत्या, त्यांतल्या कित्येक माघारीच्या वेळी त्यांच्याच माणसांनी स्फोटके लावून उडवून दिल्या.

जुलैच्या मध्यावर सोव्हिएत तंत्रज्ञांच्या एका पथकाने पोनिरी परिसरात पडलेल्या २१ फर्डिनांड गाड्या एकेक करून तपासल्या, आणि हा अहवाल या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. बहुतेक गाड्यांचे नुकसान चाकांचे आणि पट्ट्यांचे होते, आणि ते भूसुरुंगांनी किंवा तोफांच्या गोळ्यांनी झालेले होते. एका गाडीची कूस गोळ्याने भेदलेली होती, एकीवर विमानातून बॉम्ब पडला होता. पुढचे चिलखत भेदून निकामी केलेल्या गाडीची नोंद त्यात नाही. इंजिनांवरच्या जाळ्या हा आणखी एक कच्चा दुवा ठरला; त्यांतून तोफगोळ्यांचे तुकडे किंवा पेटत्या बाटल्यांतले इंधन आत शिरून आग लागे. मोटरी जळाल्या म्हणून जागच्या जागी सोडून दिलेल्या गाड्यांची रांग मात्र त्या अहवालात दिसत नाही.

जर्मन बाजूने ६५६ व्या रेजिमेंटने जुलै महिन्यात सुमारे ५०० रणगाडे नष्ट केल्याचा दावा केला. असे दावे दोन्ही बाजूंनी फुगवलेले असत, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरीही ओरेलच्या बाजूला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू होऊन जर्मनांवर बचावाची पाळी आली, तेव्हा याच गाड्यांनी दूरवरून रणगाड्यांचे मोठे नुकसान केले, हे नाकारता येत नाही. ते त्यांच्या जोग्याचे काम होते. त्यांचा धसका इतका बसला की सोव्हिएत सैनिक पुढे कोणत्याही जर्मन स्वयंचलित तोफगाडीला फर्डिनांड म्हणू लागले, आणि जिथे ही गाडी कधी गेलीच नव्हती तिथेही ती नष्ट केल्याच्या नोंदी झाल्या.

महिनाअखेरपर्यंत ३९ गाड्या गमावल्या होत्या. उरलेल्या सगळ्या ६५३ व्या बटालियनकडे आल्या, तर ६५४ वी पुढे याच तोफेच्या यागडपँथर या नव्या टँक डिस्ट्रॉयर गाड्या घेण्यासाठी फ्रान्सला गेली. शरद ऋतूत नीपर नदीकाठी निकोपोलच्या लढाया झाल्यावर शिल्लक ४८ गाड्या निबेलुंगेनवेर्कमध्ये परत आल्या आणि तेथे त्यांची डागडुजी झाली. पुढे रेडिओवाल्यासमोर मशीनगन बसली, कमांडरला चौफेर पाहता येईल असा कपोला (छतावरचा छोटा निरीक्षण-घुमट) मिळाला, इंजिनावरच्या जाळ्या सुधारल्या आणि लोहचुंबकी स्फोटके चिकटू नयेत म्हणून चिलखतावर झिमेरिटचा लेप चढला. १९४४ मध्ये गाडीचे अधिकृत नावही बदलून ‘एलेफंट’ झाले. ट्रान्समिशन तेच ठेवले गेले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ११ गाड्यांची एक कंपनी इटलीत आंझिओ-नेट्टुनो येथे उतरलेल्या दोस्त सैन्याविरुद्ध पाठवली गेली. पावसाने भिजलेली दलदलीची जमीन, अरुंद रस्ते आणि हे वजन न पेलणारे पूल यांमुळे त्या रस्त्यालाच बांधल्या गेल्या, आणि जूनमध्ये रोम सोडून माघार घेताना बहुतेक बिघाडाने वा विमानहल्ल्यांत गेल्या. याच इटलीच्या मोहिमेत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढत होते, आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून जाताना नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची लढाई वेगळ्या ठिकाणची होती, पण इटलीच्या या आघाडीचा उल्लेख त्यांच्या नावाशिवाय पुढे नेणे मला जमणार नाही.

बाकीच्या दोन कंपन्या एप्रिल १९४४ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या तार्नोपोलच्या बाजूला गेल्या आणि जुलैतल्या मोठ्या सोव्हिएत हल्ल्यात त्यांची बहुतेक वाहने संपली. पोर्शचा मूळ टायगर रणगाडाही याच बटालियनमध्ये कमांडरचे वाहन म्हणून फिरत होता. रणांगण पाहिलेला त्या आराखड्याचा तो एकमेव रणगाडा. उरलेल्या एलेफंट ६१४ व्या स्वतंत्र कंपनीत एकत्र केल्या गेल्या. जानेवारी १९४५ मध्ये ही कंपनी पोलंडमध्ये लढली आणि एप्रिलमध्ये बर्लिनच्या दक्षिणेला झॉसेनच्या परिसरात तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शेवटच्या गाड्या कामी आल्या.

आज जगात अशा दोन गाड्या शिल्लक आहेत. कुर्स्कला सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेली रशियात आहे आणि आंझिओची एलेफंट अमेरिकन सैन्याच्या संग्रहात आहे. दोघींची छायाचित्रे शेजारी ठेवली तर कपोला, पुढची मशीनगन आणि झिमेरिटचा लेप हे कुर्स्कच्या अनुभवानंतरचे बदल सहज ओळखता येतात.